एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?



हॉस्टेलवरच्या टेबलावर काय काय असावं याची एक ठरलेली यादी आहे. कॅल्क्युलेटर, कुणाकडून तरी आणलेल्या झेरॉक्स, अर्धवट लिहिलेलं जर्नल आणि रात्री दोन वाजता उपयोगी पडणारं नूडल्सचं पाकीट. गेल्या वर्षभरात या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा! हजाराच्या आत मिळतो, दोन सेलवर चालतो, पाच किलोपर्यंत वजन करतो आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. मुलांच्या हॉस्टेलमध्ये जिमवाली मंडळी त्यावर पनीर मोजतात, मुलींच्या हॉस्टेलमध्ये काहीजणी पोळी मोजतात, आणि उरलेले सगळे या दोघांना हसतात.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांचं उद्या सबमिशन आहे त्यांना पुढचं वाचायचा त्रास नको. काटा ही फार चांगली वस्तू आहे. फक्त आपण तो चुकीच्या जागी ठेवला आहे. तो आपल्या खोलीपेक्षा मेसच्या कोठीत जास्त गरजेचा आहे.

का? सांगते.

आधी काट्याची बाजू. आपलं सगळं खाणं मापावर चालतं, वजनावर नाही. वाटी, चमचा, डाव, मूठ. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घराघरांत पोचलं, त्याचं एक कारण म्हणजे त्यातली मापं वाटी-चमच्याची होती. त्याच्याही आधी चिपटं, मापटं, शेर, पायली होतं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. (मी कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे हे मला आजोबांना फोन करून विचारावं लागलं!) ही सगळी आकारमानाची मापं. म्हणजे डेन्सिटी बदलली की हिशेब बदलला. आपल्या मेसची स्टीलची वाटी काठोकाठ भरली तर दीडशे मिलिलिटरची आहे. त्यात तांदूळ भरले तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतात, आणि पोहे भरले तर त्याच्या निम्मेसुद्धा बसत नाहीत. तेव्हा “मी एक वाटी खाल्लं” या वाक्यातून पोषणाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. काटा ही अडचण सोडवतो.

आणि तो सोडवतो कसा, हे इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थिनीनं सांगितलंच पाहिजे. आत एक ॲल्युमिनियमची पट्टी असते. वर वजन ठेवलं की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. तिला चिकटवलेले स्ट्रेन गेज ताणले जातात, त्यांचा रेझिस्टन्स किंचित बदलतो, आणि सेकंड इयरला ज्यानं आपला जीव खाल्ला तो व्हीटस्टन ब्रिज तो बदल पकडतो. हा गेज १९३८ साली अमेरिकेत दोघांनी वेगवेगळा शोधला, कॅल्टेकमध्ये एडवर्ड सिमन्सनं आणि एमआयटीमध्ये आर्थर रूजनं. पूल आणि विमानं यांच्यावरचा ताण मोजणारी हीच वस्तू आज आपली पोळी मोजते.

काट्यावर ‘टेअर’ नावाचं बटण असतं. रिकामी वाटी ठेवा, बटण दाबा, आकडा शून्य होतो. मेसच्या काकांना हे दाखवलं तर ते म्हणाले, “यात नवीन काय? आम्ही धडा करतो तेच.” मला धडा म्हणजे लेसन एवढंच माहीत. मग त्यांनी सांगितलं की जुन्या तराजूत रिकाम्या भांड्याच्या वजनाइतके खडे दुसऱ्या पारड्यात टाकायचे, त्याला धडा करणं म्हणतात. बटणाला मराठी शब्द आधीपासून आहे, आपल्यालाच ठाऊक नाही.

वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना. काटा डुगडुगत्या टेबलावर, पंख्याखाली ठेवू नका. चिमूट चिमूट करून काही टाकू नका, कारण बरेच काटे अगदी सावकाश होणारा बदल ‘झीरो सरकला’ असं समजून पुसून टाकतात. आणि काटा बरोबर आहे का हे बघायला बाजारातून वजनं आणायची गरज नाही. दहा रुपयांचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. दहा नाणी ठेवा, ७७ च्या जवळपास आकडा आला की काटा ठीक.

आता खरी गोष्ट. काट्यानं वजन कळतं. पोषण कळायला त्या वजनाला कुठल्यातरी तक्त्यातल्या आकड्यानं गुणावं लागतं. ते आकडे येतात कुठून? आपण पाठ केलेले कार्बोहायड्रेटला ४, प्रोटीनला ४ आणि फॅटला ९ किलोकॅलरी हे आकडे विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १८९० च्या दशकातल्या कामातून आले. त्यानं आणि एडवर्ड रोझा या फिजिसिस्टनं एक खोलीएवढा कॅलरीमीटर बांधला. माणूस दिवसेंदिवस त्यात राहायचा. आत जाणारं अन्न मोजायचं, बाहेर येणारं सगळं मोजायचं, उष्णता मोजायची. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम माणसाला लावून बघितला म्हणा ना! आपल्याकडे हे काम हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था करते. तिची सुरुवात १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीपासून झाली, १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. तिनं २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यात ५२८ पदार्थ आहेत. तूरडाळ, पोहे, शेंगदाणे, सगळं त्यात सापडतं.

पण लक्षात घ्या, तक्त्यातले हे आकडे सरासरी आहेत. तुमच्या मेसचा तांदूळ आणि तक्त्यातला तांदूळ यांत फरक असणारच. त्यामुळे काटा एक ग्रॅम दाखवतो म्हणून “आज मी १८४३.६ कॅलरी खाल्ल्या” असं लिहिणं म्हणजे फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये व्हर्नियरनं मोजून आठ दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहिण्यासारखं आहे. सर तेव्हा लाल पेन फिरवायचे. इथे लाल पेन फिरवणारं कुणी नाही एवढाच फरक. शेवटचे दोन आकडे सोडून द्या आणि सुखानं जेवा.

इथपर्यंत सगळे माझ्याशी सहमत असतील. आता वरणाकडे येऊ या.

समजा तुम्ही मेसमध्ये काटा घेऊन गेलात. वाटी ठेवली, टेअर केलं, वरण घेतलं. आकडा आला १५० ग्रॅम. मोबाइलमधल्या ॲपमध्ये टाकलं ‘दाल, शिजवलेली, १५० ग्रॅम’. तुम्ही जी नोंद निवडाल त्याप्रमाणे ॲप आठ-दहा ग्रॅम प्रोटीन देऊन मोकळं होतं. तुम्ही खूश. पण वाटीतल्या १५० ग्रॅमपैकी डाळ किती आणि पाणी किती हे काट्याला कळत नाही, आणि ॲपला तर मुळीच कळत नाही. पातळ वरण आणि घट्ट वरण, दोन्ही वाट्यांचं वजन जवळजवळ सारखंच!

हे कळायचं असेल तर एकच रस्ता आहे, आणि तो प्रत्येक ब्रँचच्या मुलाला माहीत आहे. मास बॅलन्स. भांड्यात कोरडी डाळ किती गेली, आणि ते भांडं किती जणांत वाटलं गेलं? मी मावशींना विचारलं. आमच्या मेसमध्ये एका वेळेला साधारण सव्वाशे जणी जेवतात आणि एका वेळच्या वरणाला अडीच किलो तूरडाळ पडते. भागाकार तोंडी करा. माणशी २० ग्रॅम. तूरडाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे एका वेळच्या वरणातून मिळालं ४.४ ग्रॅम. ॲपनं दिलं होतं त्याच्या निम्मं.

पोषण संस्थेनं २०२४ साली नवीन आहार मार्गदर्शिका काढली. त्यात २००० किलोकॅलरीच्या दिवसाच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत, कोरडी, शिजवण्याआधीची. (अंडी-मांस खाणाऱ्यांसाठी त्याच हिश्शात ते धरलं आहे.) आपल्याकडे दोन वेळचं मिळून होतं ४०. म्हणजे निम्म्याहून कमी.

बरं, मग आपण सगळे कुपोषित आहोत का? तसंही नाही, आणि इथेच मला काट्याचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. तो घाबरवतो तसा घाबरलेल्याला शांतही करतो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज हवं. ५५ किलोच्या मुलीला ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या मुलाला ५४ ग्रॅम. आता शाकाहारी मुलीचा एक साधा दिवस मांडू. आठच्या लेक्चरमुळे नाश्ता बुडाला. दोन वेळच्या मिळून पाच पोळ्या, प्रत्येकीत २५ ग्रॅम कणीक, त्यातून १३ ग्रॅम. दोन वेळचा भात, १०० ग्रॅम तांदळाचा, ८ ग्रॅम. वरणाचे ९. दोन भाज्यांचे ४. चहातल्या दुधाचे ३. बेरीज ३७.

म्हणजे खड्डा आहे ९ ग्रॅमचा. डबाभर नाही, मूठभर. नाश्त्याचे पोहे खाल्ले तर तोही अर्धा भरतो. दोन अंडी खाल्ली तर पूर्ण भरून वर उरतं, कारण एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे हेच काम करतात. मात्र ३७ मधले २१ ग्रॅम पोळी आणि भातातून आलेत हेही बघा. धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन कमी असतं आणि ते डाळीत भरपूर असतं. वरण-भात ही जोडी म्हणूनच चांगली. पण जोडीतलं वरण पाणीदार असेल तर ती जोडी नावापुरती उरते.

आणि या ९ ग्रॅमच्या खड्ड्यासाठी आपण काय करतो? दोन-तीन हजारांचा पावडरचा डबा आणतो! त्याच २०२४ च्या मार्गदर्शिकेत, शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट घेणं टाळा असं स्पष्ट सांगितलं आहे. जे रोज खरोखर जड व्यायाम करतात त्यांची गरज जास्त असते, हे मला मान्य आहे. पण आठवड्यातून दोनदा जिमला जाऊन आरशासमोर फोटो काढणाऱ्यांनी आधी मेसची डाळ मोजावी, मग डबा आणावा.

आता तेल. यासाठी तर काटासुद्धा नको. मार्गदर्शिका म्हणते दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप. मेसमध्ये तेलाचा १५ किलोचा डबा येतो. तो सव्वाशे जणींत वाटला तर माणशी १२० ग्रॅम. आमच्याकडे डबा तीन दिवस पुरतो. म्हणजे रोज ४० ग्रॅम! भाजीवरचा तो लाल तवंग चवीसाठी असतो असं आपण समजतो, पण बेचव भाजी झाकायचा तो सोपा उपाय आहे. एका ग्रॅमला नऊ किलोकॅलरी, म्हणजे वरच्या १३ ग्रॅमचे रोजचे जवळपास ११७. आणि इकडे आमच्या मैत्रिणी अर्धी पोळी सोडून “आज कंट्रोल केलं” म्हणतात. कंट्रोल पोळीवर, आणि तेल मोकाट!

थोडक्यात काय, तर डाळ कमी पडते, तेल जास्त पडतं, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या खोलीतल्या काट्यावर दिसत नाहीत. त्या कोठीत दिसतात.

म्हणून माझी मेस कमिटीला तीन कामं सुचवायची आहेत.

पहिलं. मेसच्या करारात ‘वरण १ वाटी’, ‘भाजी १ वाटी’ असं लिहिलेलं असतं. त्याच्या जागी माणशी कोरडं वजन लिहा. डाळ-कडधान्य रोज ८५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. वाटीत पाणी वाढवता येतं, कोरड्या ग्रॅममध्ये वाढवता येत नाही.

दुसरं. कोठीत काटा ठेवा. आपला खेळण्यातला पाच किलोचा नको, दुकानात असतो तसा तपासून शिक्का मारलेला. आणि मेसच्या दारातल्या फळ्यावर, जिथे ‘आज फीस्ट’ लिहितात, तिथे रोज चार आकडे लिहा. जेवणारे किती, डाळ किती किलो, तेल किती, आणि उष्टं किती.

हो, उष्टंसुद्धा. कारण हिशेब मागायचा तर दोन्ही बाजूंनी द्यायचा. सव्वाशे जणींनी प्रत्येकी ५० ग्रॅम अन्न टाकलं तरी सव्वासहा किलो होतं. (सव्वा, दीड, पावणे हे मला अजून बोटं मोजून कळतं, पण हे उत्तर बरोबर आहे!) खाडा न सांगता बाहेर पावभाजी खायला जाणारे आपणच. मग काकांनी अंदाजानं डाळ कमी टाकली तर बोंब मारणारेही आपणच. फळ्यावर आकडे आले तर काकांवरचा संशय जाईल आणि आपल्यावरचाही.

तिसरं. जेवणाच्या काउंटरजवळ एक छोटा काटा ठेवा, ज्याला हवा त्यानं वापरावा. सक्ती नको. माझा सल्ला असा की दोन आठवडे मोजा, आपली पोळी किती ग्रॅमची, आपला चमचा किती तेलाचा हे डोळ्यांना कळू द्या, आणि मग काटा बंद करा. ड्रायव्हिंग शिकताना सुरुवातीला गिअरकडे बघतो, नंतर बघत नाही, तसंच.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येणार. काका म्हणतील, रेट वाढवा. त्यांचं म्हणणं रास्त आहे, तेव्हा हिशेब करून टाकू. माणशी ४५ ग्रॅम डाळ रोज वाढवायची. डाळ दीडशे रुपये किलो धरली तर पावणेसात रुपये. १३ ग्रॅम तेल वाचलं, तेही त्याच भावाचं धरलं तर दोन रुपये. म्हणजे खरा भार पावणेपाच रुपयांचा. एका चहाच्याही आत! महिन्याचे दीडशे रुपये होत नाहीत. आणि या ४५ ग्रॅममधून प्रोटीन मिळतं साधारण दहा ग्रॅम. वर काढलेला नऊ ग्रॅमचा खड्डा बरोबर इथेच भरतो. रोज तूरडाळच हवी असंही नाही. मटकी, चवळी, हरभरा, मसूर फिरवत राहिलं तर कंटाळाही येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो माझाही आहे. काटा काहीजणांच्या डोक्यात जातो. आमच्या मजल्यावर एक मुलगी होती. हुशार, सगळ्या सेमिस्टरला डिस्टिंक्शन. तिनं काटा आणला तो ‘हेल्दी खायचं’ म्हणून. तीन महिन्यांनी ती द्राक्षं मोजून खात होती. मेसमध्ये यायचं बंद केलं, कारण तिथलं मोजता येत नाही. वाढदिवसाचा केक समोर आला की कारण काढून उठायची. आम्हाला वाटायचं केवढी शिस्त! ती शिस्त नव्हती, भीती होती. तिच्या रूममेटनं रेक्टर मॅडमना सांगितलं, घरचे आले, डॉक्टरांकडे उपचार झाले, आता ती बरी आहे. पण हे लक्षात यायला आम्हाला तीन महिने लागले, कारण मोजणाऱ्या मुलीचं सगळे कौतुकच करतात.

म्हणून मी पुन्हा म्हणते, काट्याचं तोंड भांड्याकडे असू दे, माणसाकडे नको. मेसच्या भिंतीवर डाळीचं वजन लिहा, मुलींची वजनं किंवा बीएमआय लिहू नका. कुणाच्या ताटाकडे बघून “एवढं खातेस?” किंवा “एवढंच खातेस?” असं म्हणू नका. आणि आकडा बघून खाण्याची भीती वाटायला लागली, जेवण चुकवावंसं वाटलं, तर काटा कपाटात टाका आणि कुणाशी तरी बोला. मैत्रिणीशी, रेक्टर मॅडमशी, डॉक्टरांशी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिवाय काट्याला न कळणाऱ्या गोष्टी खूप आहेत. मुलींना रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. पालक शंभर ग्रॅम मोजून खाल्ला तरी त्यातलं किती लोह अंगी लागलं हे काटा सांगत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागतं, लिंबू पिळलं तर जास्त लागतं. त्यासाठी लिंबाची फोडच हवी, आणि ती मेसमध्ये फक्त फीस्टच्या दिवशी दिसते. कमिटीनं याचीही नोंद घ्यावी!

शेवटचा आक्षेप आजीचा. माझी आजी ताटातल्या पोळ्या मोजू देत नाही. जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत म्हणते, दृष्ट लागते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या नातीला हे ऐकून हसू यायचं. पण या सुट्टीत मी तिला डाळ काढताना नीट बघितलं. घरात सहा माणसं असतील तर ती डब्यातून सहा मुठी काढते. पाहुणा आला की सातवी. मी तिची मूठ काट्यावर ठेवायला लावली. आकडा आला ४० ग्रॅमच्या आसपास. दोन वेळच्या दोन मुठी, म्हणजे ८०. पोषण संस्थेचे ८५ आणि आजीचे ८०!

आजी मोजत होती तर. फक्त ती भांड्यात जाताना मोजत होती आणि ताटात पडल्यावर मोजणं बंद करत होती. आपण नेमकं उलटं करतो. भांड्यात काय गेलं हे कुणी विचारत नाही, आणि ताटातला प्रत्येक घास मोजतो.

पुढच्या महिन्यात मेसचा नवीन करार व्हायचा आहे. त्याआधी मेस कमिटीची मीटिंग होईल. दरवर्षी या मीटिंगला दहा जणं येतात आणि चर्चा होते ती संडेला पनीर असावं की गुलाबजाम यावर. या वेळी जास्त संख्येनं या. पनीरचं नंतर बघू. आधी हात वर करून एवढंच विचारा, “काका, आज भांड्यात डाळ किती किलो, आणि जेवणारे किती?” उत्तर मिळालं की भागाकार आपल्यालाच करायचा आहे. इंजिनीअरिंगला आहोत, तेवढा जमेल ना?

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन